पहिला कॉल बरोबर, दुसरा चूक : कोबोल आणि आरपीजी प्रोग्रॅम सुरू होताना फील्डमध्ये काय असतं, ते कसं तपासायचं

व्याज काढणारा सबप्रोग्रॅम पहिल्या खात्याला ४१२.५० देतो. बरोबर. दुसऱ्या खात्याचं व्याज ३००.०० यायला हवं, तर येतं ७१२.५०. तेच दुसरं खातं एकटं चालवलं की ३००.०० नीट येतं. कोडमध्ये बेरजेच्या फील्डसमोर ‘व्हॅल्यू झिरो’ (सुरुवातीची किंमत शून्य) ठसठशीत लिहिलेलं असतं, त्यामुळे नजर तिथून पुढे सरकते आणि सूत्र तपासण्यात दिवस जातो.

सूत्र बरोबरच असतं. ‘व्हॅल्यू’ कधी लागू होते याचा अंदाज चुकलेला असतो. जावा किंवा सी शिकून आलेल्याला वाटतं की प्रोग्रॅमला हाक मारली की त्याचे फील्ड नव्याने तयार होतात. कोबोलमध्ये वर्किंग-स्टोरेजमधली (प्रोग्रॅमचे स्वतःचे फील्ड लिहितात त्या भागातली) व्हॅल्यू लागते ती त्या रन युनिटमधल्या (मुख्य प्रोग्रॅम आणि त्याने बोलावलेले सगळे मिळून होणाऱ्या एका धावेतल्या) पहिल्या कॉललाच. दुसऱ्या कॉलला फील्ड मागच्या कॉलने सोडले तसेच सापडतात. मॅन्युअलमध्ये याला ‘लास्ट-यूज्ड स्टेट’ म्हणतात. भाषेचा नियमच तसा आहे आणि कित्येक जुने प्रोग्रॅम त्यावर विसंबून चालतात, म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी नीट पाहून घ्यावं.

(इथली कोबोलची वाक्यं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचे कीवर्ड वापरा.)

आधी रोग ओळखा

‘सुरुवातीलाच चुकीची किंमत’ या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणं असतात आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. फील्ड कधीच भरलं गेलं नसेल. भरलं गेलं असेल, पण मागच्या कॉलचं उरलेलं असेल. किंवा नीट भरलेलं असताना दुसऱ्याच कुणी त्यावर लिहिलं असेल.

ओळखण्यासाठी प्रोसिजर डिव्हिजनची पहिली ओळ म्हणून दोन डिस्प्ले टाका, एक कॉल-मोजणीचा आणि एक संशयित फील्डचा:

०१ कॉल-मोज पिक ९(५) व्हॅल्यू झिरो.
…
अ‍ॅड १ टू कॉल-मोज
डिस्प्ले 'कॉल ' कॉल-मोज ' एकूण ' फंक्शन हेक्स-ऑफ(एकूण-व्याज)

हेक्स-ऑफ हे फंक्शन नव्या एंटरप्राइज कोबोलमध्ये आणि ग्नूकोबोल ३ मध्ये आहे. कंपायलर जुना असेल तर फील्डवर एक्स (मजकूर) प्रकारचा रीडिफाइन्स (त्याच जागेला दुसरं नाव आणि प्रकार) ठेवा, तो एका छोट्या फाइलमध्ये लिहा आणि आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये) ‘हेक्स ऑन’ करून वाचा. साधा डिस्प्ले इथे पुरत नाही. रिकामी जागा आणि लो-व्हॅल्यू (शून्य बाइट) स्क्रीनवर सारखेच दिसतात, आणि बिघडलेला पॅक्ड आकडा (कॉम्प-३, एका बाइटात दोन अंक ठेवणारा) छापायला गेलं तर प्रोग्रॅम तिथेच पडू शकतो.

‘पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३’ हे फील्ड घ्या. नऊ अंक आणि एक चिन्ह मिळून दहा अर्धबाइट, म्हणजे ५ बाइट. हेक्समध्ये काय दिसतं त्यावरून निदान असं करायचं:

०० ०० ०० ०० ०सी : खरं शून्य. शेवटचा ‘सी’ म्हणजे धन चिन्ह, ‘डी’ असेल तर ऋण.
०० ०० ०० ०० ०० : लो-व्हॅल्यू. दिसायला शून्य, पण चिन्हाची जागा रिकामी. गणित केलं की सॉक-सेव्हन (अंकाच्या जागी भलताच डेटा सापडून प्रोग्रॅम पडतो, त्याचा कोड).
४० ४० ४० ४० ४० : रिकाम्या जागा. वरच्या ग्रुपवर कुणीतरी ‘मूव्ह स्पेसेस’ केलेलं आहे.
०० ०० ४१ २५ ०सी : मागच्या कॉलचे ४१२.५० तसेच राहिलेत.

कॉल-मोज १ असतानाच घाण दिसली तर फील्ड भरलेलंच नाही. पहिल्याला स्वच्छ आणि दुसऱ्यापासून जुनी किंमत असेल तर ते उरलेलं आहे. प्रवेशाला ठीक असून मध्येच बिघडत असेल तर कुणीतरी वरून लिहितंय.

बायनरी फील्डची खूण वेगळी, आणि पाठ करून ठेवण्यासारखी. मेनफ्रेमवर अर्ध्या शब्दाच्या (२ बाइटच्या) कॉम्प फील्डमध्ये दोन रिकाम्या जागा शिरल्या की आकडा १६४४८ होतो (छापताना चारच अंक उरले तर ६४४८), आणि पूर्ण शब्दात (४ बाइटमध्ये) १०७७९५२५७६. लिनक्स किंवा विंडोजवर रिकाम्या जागेचा कोड हेक्स २० असल्याने तेच आकडे ८२२४ आणि ५३८९७६२८८ होतात. रिपोर्टमध्ये ‘८२२४ हप्ते बाकी’ दिसलं की सूत्र तपासत बसू नका, त्या फील्डमध्ये रिकाम्या जागा कुठून आल्या ते शोधा.

मागच्या कॉलचं उरलेलं

सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. बेरजा साठत जाणं हे त्याचं एक रूप झालं. दुसरं रूप म्हणजे फाइल संपल्याचा स्विच. ‘संपली-का’ला व्हॅल्यू 'एन' असते, पहिल्या कॉलने वाचन संपवून तो 'वाय' केला, दुसऱ्या कॉलला ‘परफॉर्म अंटिल’ची अट आधीच पूर्ण. सबप्रोग्रॅम एकही नोंद न वाचता, कुठलीही चूक न दाखवता परत येतो. तिसरं रूप, फाइल उघडीच राहिलेली असते आणि दुसऱ्या ओपनला फाइल स्टेटस ४१ येतं. खूप जुन्या कोडमध्ये ‘ऑल्टर’ असेल तर त्याने वळवलेला ‘गो टू’सुद्धा पुढच्या कॉलला वळवलेलाच राहतो.

उपाय चार आहेत. प्रत्येकाला आपली मर्यादा आहे.

पहिला आणि बहुतेक ठिकाणी योग्य असा: प्रवेशालाच एक पॅराग्राफ लिहून दर कॉलला नव्याने लागणारे फील्ड तिथे ‘मूव्ह’ने भरा. व्हॅल्यू काढू नका, राहू द्या. यात फायदा असा की कुठलं फील्ड दर कॉलला कोरं हवं आणि कुठलं टिकायला हवं, हे पुढच्या माणसाला वाचून कळतं.

दुसरा, ते फील्ड लोकल-स्टोरेज सेक्शनमध्ये हलवा. तिथली व्हॅल्यू प्रत्येक कॉलला लागते. आयबीएमच्या कंपायलरमध्ये हा सेक्शन बराच आधी आला, प्रमाण कोबोलमध्ये २००२ साली. मात्र एवढ्याने फाइल बंद होत नाहीत आणि वर्किंग-स्टोरेजमध्ये राहिलेलं काहीही बदलत नाही.

तिसरा, ‘प्रोग्रॅम-आयडी. व्याजमोज इज इनिशियल.’ ही सोय १९८५ च्या प्रमाणापासून आहे. यात प्रोग्रॅम दर वेळी पूर्ण कोरा होतो, फाइल बंद अवस्थेत मिळतात, ऑल्टरही मूळपदावर येतो. पण कोरेपण फक्त त्याच्या पोटात लिहिलेल्या प्रोग्रॅमांपर्यंत जातं. वेगळा कंपाइल केलेला ‘दिवसमोज’ त्याने कॉल केला तर दिवसमोज जुन्याच अवस्थेत राहतो. वरचा इनिशियल केला, तरी चूक जात नाही म्हणून कंपायलरवर संशय घेतला जातो, तो इथेच.

चौथा, कॉल करणाऱ्याने ‘कॅन्सल 'व्याजमोज'’ लिहायचं. डायनॅमिक कॉलला (प्रोग्रॅम चालतानाच लोड होतो तेव्हा) हे चालतं. आयबीएम मेनफ्रेमवर स्टॅटिक लिंक केलेल्या (आधीच एकत्र बांधलेल्या) प्रोग्रॅमच्या बाबतीत यावर अवलंबून राहू नका. शिवाय दर खात्यामागे कॅन्सल म्हणजे दर खात्यामागे प्रोग्रॅम नव्याने लोड होणं, रात्रीच्या बॅचला ते झेपत नाही.

वेळेचा हिशेब पहिल्या तीन उपायांतही करा. २०० बाइटची १०,००० ओळींची टेबल दर कॉलला कोरी करायची म्हणजे २० लाख बाइट. पाच लाख खाती असतील तर एका रात्रीत एक लाख कोटी बाइट नुसते पुसण्यात गेले. टेबल तशीच ठेवा, किती ओळी भरल्या तो मोजणीचा आकडा तेवढा शून्य करा आणि शोध त्या आकड्यापर्यंतच चालवा.

आणि काही फील्ड मुद्दामच टिकवलेले असतात. ‘पहिली-वेळ’ नावाचा स्विच, पहिल्या कॉलला फाइलमधून भरलेली दरांची टेबल, या गोष्टी टिकाव्यात म्हणूनच वर्किंग-स्टोरेजमध्ये आहेत. सरसकट इज इनिशियल लावलं की दरांची फाइल पाच लाख वेळा वाचली जाते. म्हणून बदल करण्याआधी व्हॅल्यू असलेल्या प्रत्येक फील्डसमोर ‘दर कॉल’ की ‘एकदाच’ असं कागदावर लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण खरा निकाल याच कागदावर लागतो.

सीआयसीएसमध्ये (मेनफ्रेमवर ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत) अजून एक फरक. ‘लिंक’ने बोलावलेल्या प्रोग्रॅमला दर वेळी कोरी वर्किंग-स्टोरेज मिळते, कोबोलच्या ‘कॉल’ने बोलावलेल्याला त्याच टास्कमध्ये जुनी. लिंकच्या जागी कॉल टाकून वेग वाढवला आणि आकडे बिघडले, तर कारण हेच. स्यूडो-कन्व्हर्सेशनल प्रोग्रॅममध्ये याच्या उलट घडतं. वापरकर्त्याने एंटर दाबलं की नवी टास्क आणि कोरी वर्किंग-स्टोरेज, म्हणून जे टिकायला हवं ते कॉमएरियात (एका टास्ककडून पुढच्या टास्कला डेटा द्यायच्या जागेत) पाठवावं लागतं. पहिल्या खेपेला ईआयबीकॅलेन (कॉमएरियाची लांबी) शून्य असतं, कॉमएरिया नसतेच. ते न तपासता तिला हात लावला की टास्क एएसआरएने (प्रोग्रॅममधल्या चुकीच्या कोडने) पडण्याची पाळी येते.

व्हॅल्यू लिहिली, पण लागलीच नाही

लिंकेज सेक्शन आणि फाइल सेक्शनमध्ये लिहिलेली व्हॅल्यू, ८८ पातळी (अटींची नावं) सोडली तर, आयबीएमचा कंपायलर टिप्पणी समजून सोडून देतो. लिंकेजमधली जागा कॉल करणाऱ्याची असते आणि तिथे त्याने ठेवलं तेच मिळतं. एक्स्टर्नल (अनेक प्रोग्रॅमांत सामायिक) फील्डलाही सुरुवातीच्या किमतीची हमी नाही. कुठल्या तरी एका प्रोग्रॅमने ती आधी भरायची, आणि तो खरोखर सगळ्यांच्या आधी चालतो का, हे जॉबच्या क्रमात पाहायचं.

इनिशियलाइज काय करत नाही

‘इनिशियलाइज ग्राहक-नोंद’ लिहिलं की सगळं साफ झालं, असा समज आहे. ही नोंद पाहा:

०१ ग्राहक-नोंद.
  ०५ ग्राहक-क्र पिक ९(८).
  ०५ नाव पिक एक्स(३०).
  ०५ फिलर पिक एक्स(२).
  ०५ शाखा पिक एक्स(४) व्हॅल्यू 'पी००१'.
  ०५ शिल्लक पिक एस९(९)व्ही९९ कॉम्प-३.
  ०५ तारीख-मजकूर पिक एक्स(८).
  ०५ तारीख-अंक रीडिफाइन्स तारीख-मजकूर पिक ९(८).

साधं इनिशियलाइज चालल्यावर ग्राहक-क्र आठ शून्यं होतो, नाव रिकामं आणि शिल्लक खरं पॅक्ड शून्य. इथवर छान. फिलरचे (नाव नसलेल्या जागेचे) दोन बाइट मात्र होते तसेच राहतात. शाखेतला 'पी००१' पुसून रिकाम्या जागा येतात, कारण साधं इनिशियलाइज व्हॅल्यूकडे पाहत नाही, फील्डच्या प्रकाराकडे पाहतं. तारीख-मजकूर रिकामा होतो आणि रीडिफाइन्स केलेल्या तारीख-अंकला ते हातच लावत नाही. म्हणजे अंकी म्हणून वाचायच्या जागेत आठ रिकाम्या जागा. पुढे ‘इफ तारीख-अंक = झिरो’ अशी तपासणी असेल तर निकाल कंपायलर आणि त्याच्या पर्यायांवर ठरतो. तिथे आधी ‘इफ तारीख-अंक न्यूमेरिक’ विचारा किंवा इनिशियलाइजनंतर वेगळं ‘मूव्ह झिरो टू तारीख-अंक’ लिहा.

फिलरचा त्रास उशिरा कळतो. दोन नोंदी ग्रुप म्हणून ताडून पाहिल्या, डोळ्यांना सारख्या दिसतात, प्रोग्रॅम म्हणतो वेगळ्या. फरक त्या दोन बाइटमध्ये असतो. ‘विथ फिलर’ आणि ‘ऑल टू व्हॅल्यू’ ही जोड तुमच्या कंपायलरला चालत असेल तर वापरा. नसेल तर नोंदीची एक कोरी प्रत वर्किंग-स्टोरेजमध्ये व्हॅल्यूसह तयार ठेवा, तिला कधीही हात लावू नका आणि दर वेळी ग्रुप मूव्हने तीच उतरवा. जुन्या लोकांची ही पद्धत आजही सगळ्यात भरवशाची आहे.

‘मूव्ह स्पेसेस टू ग्राहक-नोंद’ मात्र करू नका. शिल्लकेचे सहाही बाइट ४० होतात आणि पुढच्या बेरजेला सॉक-सेव्हन. ‘मूव्ह लो-व्हॅल्यूज’नेही तेच.

‘ऑकर्स डिपेंडिंग ऑन’ असलेल्या टेबलवर इनिशियलाइज त्या क्षणी मोजणीच्या फील्डमध्ये जे आहे तेवढ्याच ओळी साफ करतं. मोजणी शून्य असताना केलं तर जुन्या ओळी तशाच. आधी मोजणी कमाल आकड्यावर न्या, साफ करा, मग शून्यावर आणा.

काल चालत होतं, नव्या मशीनवर पडलं

व्हॅल्यू नसलेल्या फील्डमध्ये सुरुवातीला काय असावं, याची हमी भाषेने दिलेली नाही. प्रत्येक कंपायलर आपलं ठरवतो. मायक्रो फोकसमध्ये डीफॉल्टबाइटची (न भरलेल्या जागेत ठेवायच्या बाइटची) मूळ किंमत ३२ आहे, म्हणजे सगळीकडे रिकाम्या जागा. ग्नूकोबोल मूळ सेटिंगमध्ये पिक पाहून भरतो, अंकी असेल तर शून्य, मजकूर असेल तर रिकामं. त्यात डायलेक्ट बदलला की वागणूक बदलू शकते. मेनफ्रेमवर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटच्या (प्रोग्रॅम ज्यावर चालतो त्या आयबीएमच्या रन-टाइम थराच्या) ‘स्टोरेज’ या रन-टाइम पर्यायावर बरंच अवलंबून असतं. पुण्या-मुंबईच्या टीमांकडे परदेशी बँकांचं आणि विमा कंपन्यांचं कोबोल सांभाळायला येतं, त्यात मशीन किंवा कंपायलर बदलताना हाच खड्डा आडवा येतो. जुन्या साइटवर स्टोरेज(००,…) होतं, बायनरी मोजणीचे फील्ड आयते शून्य मिळत होते, व्हॅल्यू लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

हे आधीच पकडता येतं. टेस्ट जॉबमध्ये सीईईऑप्ट्स या डीडीखाली (जॉबमध्ये फाइल जोडणाऱ्या ओळीखाली) स्टोरेज(एफई,डीई,बीई) द्या. पहिली किंमत हीपला लागते, वर्किंग-स्टोरेज बहुतेक तिथूनच येते. तिसरी स्टॅकला, म्हणजे लोकल-स्टोरेजला. आता न भरलेलं पॅक्ड फील्ड एफईएफई… असं दिसेल आणि पहिल्याच गणिताला पडेल, तर अर्ध्या शब्दाचं बायनरी फील्ड -२५८ दाखवेल. सोबत आरपीटीऑप्ट्स(ऑन) द्या, म्हणजे कुठला पर्याय खरोखर लागू झाला आणि तो कुठून आला, हे यादीत दिसेल. आकडे बदलले नाहीत तर आधी ती यादी वाचा, बहुतेक वेळा पर्याय बदलायला वरच्या पातळीवरूनच बंदी घातलेली असते. हे फक्त टेस्टमध्ये. एंटरप्राइज कोबोल ६ च्या नव्या आवृत्त्यांत इनिटचेक हा कंपाइल पर्यायही आहे, तो न भरता वाचलेल्या फील्डचा इशारा कंपाइल करतानाच देतो.

संपूर्ण मेमरी पुन्हा शून्याने भरून ठेवणं हा तात्पुरता टेकू आहे. उत्पादन बंद पडलं असेल तर जरूर लावा. पण पॅक्ड फील्डना त्याचा उपयोग नाही हे लक्षात असू द्या, पाच शून्य बाइट म्हणजे पॅक्ड शून्य नव्हे.

दुसऱ्याने वरून लिहिलं असेल तर

कॉल करणाऱ्याने १० बाइटचं फील्ड पाठवलं, सबप्रोग्रॅमच्या लिंकेजमध्ये तेच २० बाइटचं लिहिलंय आणि प्रवेशाला ‘इनिशियलाइज’ आहे. पुढचे १० बाइट कॉल करणाऱ्याच्या शेजारच्या फील्डचे गेले. फील्ड सुरुवातीपासूनच कोरं होतं असं वाटत राहतं. दोन्हीकडच्या कॉपीबुकची (प्रोग्रॅममध्ये ओढून घेतलेल्या फील्ड-यादीची) लांबी कंपाइल लिस्टिंगमधल्या डेटा मॅपवरून ताडून पाहा, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. टेबलच्या बाहेर लिहिलं जात असेल तर एसएसरेंज (हद्द तपासणारा कंपाइल पर्याय) लावून कंपाइल केलं की ती ओळ पकडली जाते.

आरपीजीमध्ये

आयबीएम आयवरच्या (आयबीएमच्या व्यावसायिक संगणक-प्रणालीवरच्या) आरपीजीत दुखणं तेच, नावं वेगळी. सुटं अंकी फील्ड आपोआप शून्य असतं, पण डेटा स्ट्रक्चर मजकूर समजलं जातं आणि आयएनझेड (सुरुवातीची किंमत द्यायचा कीवर्ड) न लिहिल्यास अख्खं रिकाम्या जागांनी भरतं. त्यातल्या पॅक्ड उपफील्डला हात लावला की डेसिमल-डेटा एरर, स्टेटस ९०७. स्ट्रक्चरवरच आयएनझेड लिहा, म्हणजे प्रत्येक उपफील्ड आपापल्या प्रकाराप्रमाणे भरलं जाईल. लाइकडीएसने दुसरं स्ट्रक्चर बनवलं तर आराखडा येतो, सुरुवातीच्या किमती येत नाहीत. त्यासाठी आयएनझेड(*लाइकडीएस) वेगळं लिहावं लागतं. एफआयएक्सएनबीआर (चुकीचे अंक आपोआप दुरुस्त करणारा कंपाइल पर्याय) लावून चूक गप्प करता येते, पण त्याने रिकाम्या जागा कुठून आल्या हे कळायचं राहून जातं.

*आयएनएलआर (‘शेवटची नोंद’ हा इंडिकेटर, थोडक्यात एलआर) चालू करून परतलं तर पुढच्या कॉलला फील्ड नवे होतात आणि *आयएनझेडएसआर (सुरुवातीला आपोआप चालणारं सबरूटीन) पुन्हा चालतं. एलआर बंद ठेवून नुसतं रिटर्न केलं तर सगळं टिकतं. ‘*आयएनझेडएसआर एकदाच का चाललं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. मेन कीवर्डच्या प्रोग्रॅममध्ये आणि नोमेन (मुख्य प्रोसिजर नसलेल्या) मॉड्यूलमध्ये एलआरला अर्थ नाही. तिथे ग्लोबल फील्ड अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमधला प्रोग्रॅमांचा गट) संपेपर्यंत जगतात, म्हणून दर कॉलला कोरं हवं ते प्रोसिजरच्या आत, स्टॅटिक न लिहिता घ्या.

क्लिअर आणि रीसेट एकच समजू नका. क्लिअरने प्रकाराप्रमाणे शून्य किंवा रिकामं होतं. रीसेटने सुरुवातीचा टप्पा संपला तेव्हाची किंमत परत येते, म्हणजे *आयएनझेडएसआरने जे भरलं तेही.

नवीन कंपाइल करूनही जुनंच वागतंय असं दिसलं तर जॉब साइन-ऑफ करून पुन्हा या. जुनी प्रत क्यूआरपीएलओबीजेमध्ये (बदललेल्या प्रोग्रॅमांच्या जुन्या प्रतींच्या लायब्ररीत) गेलेली असते आणि चालू जॉब तीच वापरत राहतो.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

एका खात्यावर चाचणी करून काहीच सिद्ध होत नाही. तीन खाती घ्या: एक मोठ्या रकमेचं, एक शून्य व्याजाचं, एक चुकीच्या नोंदीचं, म्हणजे प्रोग्रॅम मध्यातूनच परतेल असं. ती एकाच रन युनिटमध्ये सहाही क्रमांनी चालवा. प्रत्येक खात्याचा निकाल सहाही वेळा बाइट-बाइट सारखा यायला हवा. चुकीच्या नोंदीनंतरचं खातं तेवढं वेगळं आलं, तर मध्यातून परतायच्या वाटेवर एखादा स्विच किंवा उघडी फाइल राहिली आहे. प्रोग्रॅममधला प्रत्येक ‘गोबॅक’ आणि ‘एक्झिट प्रोग्रॅम’ शोधा आणि त्यातल्या प्रत्येकाआधी फाइल बंद होते का, ते पाहा.